न लिंपलेली भिंत

ही गोष्ट त्या काळातली, जेव्हा बंदुकीत एका वेळी एकच गोळी मावायची आणि माणसाच्या तोंडात मात्र एका वेळी दहा बोलणी मावायची. बंदुका पुढे सुधारल्या. तोंडांचं तुम्ही बघताच आहात.

तर एका डोंगरी राज्यात, दोन कड्यांच्या बेचक्यात, करवंदवाडी नावाचं गाव होतं. गाव शेळ्या पाळणारं. मागं दाट रान, आणि रानात बिबटे. गावाच्या राखणीला राजानं दिलेली एकच बंदूक होती, ठासणीची, एका नळीची. आधी नळीत दारू ओतायची, मग गोळी सोडायची, गजानं ठासायची, आणि एवढं सगळं करून बार काय तो एकदाच. तो हुकला की दुसरी गोळी भरून होईपर्यंत बिबट्या शेळी घेऊन डोंगर चढून गेलेला असायचा.

ही बंदूक चार पिढ्या एकाच घरात होती. आता ती रायाजीकडे होती. रायाजी चाळिशीचा, अंगानं सडसडीत, बोलायला कमी आणि मनाला लावून घ्यायला फार.

त्या राज्यात एक नियम होता. दरवर्षी चैत्राच्या जत्रेत सगळ्या गावांच्या बंदुका गडावर न्यायच्या. तिथं ऐंशी पावलांवर तांब्याचं एक ताट टांगलेलं असे. प्रत्येक गावानं त्यावर तीन गोळ्या झाडायच्या. एक जरी लागली तरी बंदूक गावाकडे राहणार. पण लागोपाठ तीन वर्षं ताट वाजलं नाही, तर बंदूक गडाच्या कोठारात जमा. नियम कडक होता, पण अगदीच वेडगळ नव्हता. ज्याला नेम साधत नाही त्याच्या हाती बंदूक ठेवून करायचं काय?

चार पिढ्या करवंदवाडीनं ताट वाजवलं होतं. मग नवा राजा गादीवर आला. राज्यात दारूचा तुटवडा होता, म्हणून त्यानं हुकूम काढला की यापुढे प्रत्येक गावाला तीन नाही, एकच गोळी. आणि काय सांगू, त्या वर्षी रायाजीची गोळी हुकली. पुढच्या वर्षीही हुकली. आता हे तिसरं वर्ष होतं आणि जत्रेला अडीच महिने उरले होते.

गावात कुणी रायाजीला तोंडावर काही बोलत नव्हतं. पण तो पाणवठ्यावर आला की बोलणं थांबायचं, आणि हे शिवीपेक्षा वाईट. त्याच थंडीत बिबट्यानं दोन शेळ्या उचलल्या. दोन्ही वेळा रायाजी वेळेवर पोचला, दोन्ही वेळा त्यानं बार काढला, आणि दोन्ही वेळा बिबट्या नुसता कान हलवून निघून गेला. बंदूक गेली तर पुढच्या थंडीत काय होईल, हे कुणी बोलून दाखवायची गरज नव्हती.

रायाजीनं काय काय केलं नाही? खंडोबाला नवस बोलला. बंदुकीच्या दस्त्याला काळा दोरा बांधला. उजव्या डोळ्यात मध घातला, तर दोन दिवस डोळा उघडेना. शेवटी त्यानं ठरवलं की उपाय एकच, सराव. तो रोज सकाळी गावाबाहेरच्या चांदमारीवर जायचा आणि दुपारपर्यंत गोळ्या झाडायचा.

चांदमारी म्हणजे नेमाच्या सरावाची जागा. एका टोकाला, गडासारखीच ऐंशी पावलांवर, मातीची जाड भिंत, तिच्यावर चुन्यानं काढलेला ताटाएवढा गोल. भिंतीजवळ एका मोठ्या खडकाच्या आड भागाई बसलेली असायची. भागाई गावातली म्हातारी, एकटीच राहणारी. तीस वर्षं तिचं काम एकच. गोळी गोलात लागली की तिनं थाळी वाजवायची. गोळी चुकली की गुपचूप उठायचं, ओल्या मातीचा गोळा घ्यायचा आणि ते भोक लिंपून टाकायचं.

आता या गावाची एक रीत ऐका. चुकलेली गोळी बघायची नाही आणि तिचं नावही काढायचं नाही. थाळी वाजली नाही की नेमबाजानं भिंतीकडे पाठ करायची, आणि भागाईचं लिंपून झालं की मगच पुन्हा वळायचं. चुकलेलं भोक डोळ्यांसमोर राहिलं तर पुढची गोळीही चुकते, असं जुने लोक सांगायचे. आणि दुसरी रीत तर त्याहून गोड. दिवसाची पहिली गोळी देवाची. ती लागो न लागो, हिशेबात धरायची नाही.

त्यामुळे व्हायचं असं, की पहिली गोळी देवाला जायची, आणि मग थाळी वाजायला लागायची. दुसरी, तिसरी, पाचवी, दहावी. रायाजी रोज घाम पुसत आणि थाळीचा आवाज कानात घेऊन घरी यायचा. बायको गिरजा विचारायची, "आज कशा लागल्या?"

"पंधरातल्या बारा."

"मग गडावरच काय होतं वो तुम्हाला?"

 रायाजी बंदूक पुसायचा, नळीत करडईचं तेल सोडायचा, तिला हळदकुंकू लावायचा आणि खुंटीला टांगायचा. रोज संध्याकाळी, न चुकता. बापानं शिकवलं होतं तसंच.

एके दिवशी सकाळी इतकं दाट धुकं पडलं की भिंत दिसेना. शहाणा माणूस घरी परतला असता. पण रायाजी इरेला पेटला होता. त्यानं रोजच्या जागी पाय रोवून सवयीनं गोलाच्या दिशेला नळी धरली आणि दिवसाची पहिली गोळी झाडली. थाळी वाजली नाही. त्यानं रीतीप्रमाणे पाठ केली. मग एकाएकी त्याच्या मनात आलं, या धुक्यात गोळी भलतीकडे गेली असेल तर? म्हातारी खडकाआड होती ना?

तो बंदूक टाकून धावत सुटला. "भागाई," त्यानं हाक मारली, "भागाई, बरी आहेस ना?"

"मला काय धाड भरलीय," धुक्यातून आवाज आला.

भागाई खडकाआडून उठत होती. हातात मातीचा गोळा होता. तोंड रायाजीकडे होतं आणि त्याला ती झाडत होती. "इतक्या धुक्यात बार काढतोस? देवानं डोकं दिलंय ते नुसतं पागोटं बांधायला का?" आणि बोलता बोलता, भिंतीकडे न बघता, तिनं हात वर नेला आणि माती नेमकी भोकावर थापली.



"भागाई," तो म्हणाला, "तू बघितलंसुद्धा नाहीस. भोक तिथं आहे हे तुला कसं कळलं?"

म्हातारीचा हात तसाच भिंतीवर राहिला. तीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी तिला भोकाबद्दल काही विचारलं होतं. ती म्हणाली, "चुकलेल्या गोळीचं नाव काढू नये बाबा."

"काढ. माझ्यावर पाप."

"अरे, सकाळची पहिली इथंच येते की. गोलाच्या वर, उजव्या अंगाला, दीड वीत. रोज येते. पुढच्या मग इकडं तिकडं, पण पहिली इथं. मी तर आता बघतपण नाही, हातच जातो."

"रोज?"

"रोज. आणि तुझीच नाही. तुझ्या बापाचीबी इथंच यायची."

रायाजीनं त्या ओल्या मातीवर बोट ठेवलं.  दोन वर्षं तो ज्या गोष्टीसाठी देवांची दारं झिजवत होता, ती या म्हातारीच्या तळहाताला ठाऊक होती. बापाच्या वेळी गडावर तीन गोळ्या असायच्या. पहिली जायची, दुसरी लागायची, लोक वाहवा करायचे. पहिलीचं दुःख कुणाला? आणि आता गडावर एकच गोळी. म्हणजे गडावरची गोळी म्हणजेच ती पहिली, जिच्याकडे चार पिढ्यांत कुणी वळूनही बघितलं नव्हतं.

"आणि बिबट्या," तो स्वतःशीच म्हणाला. "बिबट्या कुठं दुसऱ्या गोळीची वाट बघतो?"

"देवाची म्हणून सोडता तुम्ही," भागाई माती हातावर घोळत म्हणाली. "देवानं एकदाही घेतली नाही. सगळ्या या भिंतीतच आहेत."

त्या दिवशी रायाजीनं दुसरी गोळी झाडलीच नाही. तो म्हणाला, "भागाई, उद्यापासून लिंपायचं नाही."

 म्हातारीनं हात धुतले.

दुसऱ्या दिवसापासून रायाजी सकाळी चांदमारीवर यायचा, एकच गोळी झाडायचा, भिंतीपर्यंत चालत जायचा, भोकाला बोट लावून बघायचा आणि घरी जायचा. दहा दिवसांत भिंतीवर दहा भोकं झाली. सगळी गोलाच्या वर, उजवीकडे. पण ती सुपाएवढ्या जागेत पसरली होती.

"एवढी पसरली कशानं?" रायाजीनं विचारलं.

"मला काय विचारतोस? मी भाकऱ्या थापते. पीठ मुठीनं घेतलं की एक भाकरी जाड होते, एक पातळ."

रायाजी दारू मुठीच्या अंदाजानंच ओतत होता. त्यानं ओढ्यातून एक शिंपला आणला, आणि तेव्हापासून काठोकाठ, बोटानं सपाट करून, तेवढीच दारू नळीत जाऊ लागली. पुढच्या दहा दिवसांतली भोकं परातीएवढ्या जागेत आली. मग त्याच्या लक्षात आलं की गोळी नळीत सैल बसते, खुळखुळते. गिरजानं आपल्या जुन्या लुगड्याचे गोल तुकडे कातरून दिले. तुकड्यात गुंडाळून ठासली की गोळी घट्ट बसायची.

"पदर तेवढा राहू द्या," गिरजा म्हणाली. "जत्रेला नेसायचंय."

पुढचे दहा दिवस भोकं भाकरीएवढ्या जागेत पडली. ती भाकरी मात्र जिथल्या तिथं होती. गोलापासून दीड वीत दूर.

एकदा रायाजीनं सकाळी नळीतलं तेल कोरड्या फडक्यानं पुसून काढलं आणि बार केला, तर गोळी सरळ गोलात. भागाईची थाळी वाजली. तेव्हा त्याला कळलं की ही सगळी तेलाची करामत. रात्रभर तेल प्यालेली नळी पहिली गोळी वर, उजवीकडे फेकते, ते तेल जळून गेलं की पुढच्या सरळ जातात. पण गडावर हे जमणार नव्हतं. जत्रेच्या आदल्या दिवशी सगळ्या बंदुका किल्लेदाराच्या ताब्यात द्यायच्या असत. तिथं त्यांच्या नळीत गडाचं तेल सोडत, तेही करडईचंच, पूजा करत, आणि सकाळी तशाच हातात देत. ते तेल पुसणं म्हणजे गडाचा अपमान. रायाजी पुन्हा तेल घालून सराव करू लागला. जशी गडावर असणार, तशीच इथं.

इकडं गावात मात्र बोंब झाली. आजवर स्वच्छ, गुळगुळीत असलेली चांदमारीची भिंत देवीचे व्रण उठल्यासारखी दिसू लागली. त्यातच पाटलांच्या मुलीला बघायला पाहुणे आले. वाट चांदमारीवरूनच होती. पाहुण्यांनी भिंत बघितली, गोल बघितला, गोलाबाहेरची भोकं बघितली आणि मिशीत हसले. पाटील तडक रायाजीच्या दारात.

"गावाची अब्रू भिंतीवर टांगलीस तू."

"पाटील, जत्रेपर्यंत थांबा."

"दोन वर्षं थांबलोच की. आजच्या आज भिंत लिंपून घे."

रायाजीची मान खाली गेली. त्याला लाज वाटत होती. रोज वाटत होती. आपल्या चुका आपण बघणं वेगळं, आणि येणाऱ्या-जाणाऱ्यानं त्या मोजत जाणं वेगळं. त्याच्या मनात आलं, लिंपावी भिंत, सुटावं एकदाचं.

पण भागाई तिथंच ओट्यावर बसली होती. ती म्हणाली, "पाटील, तीस वर्षं लिंपलं मी. आता हात भरून आलेत. जत्रा होईस्तोवर उठायचे नाहीत. तुम्हाला लिंपायची तर माती तिथंच आहे, पाणी ओढ्यात आहे."

पाटील मातीत हात घालतील हे होणं नव्हतं. ते पाय आपटत निघून गेले. भिंत तशीच राहिली.

जत्रा आली. गडावर माणसांचा समुद्र लोटला होता. पंचवीस गावांच्या बंदुका ओळीनं मांडल्या होत्या, तेलानं चकाकत, झेंडूच्या माळा घालून. एकामागून एक बार होत होते. ताट कधी वाजायचं, बरेचदा नाही वाजायचं. मग किल्लेदारानं पुकारलं, "करवंदवाडी. तिसरं वर्ष."

जत्रा गप्प झाली. हे गप्प होणं रायाजीच्या ओळखीचं होतं.

त्यानं शिंपल्यानं दारू मापली. लुगड्याच्या तुकड्यात गोळी गुंडाळली, गजानं ठासली आणि बंदूक खांद्याला लावली. समोर ऐंशी पावलांवर ताट उन्हात लखलखत होतं. आणि आता त्याला जे करायचं होतं ते फार अवघड होतं. त्या ताटावर नेम धरायचाच नव्हता. त्याच्या खाली, डावीकडे, दीड वीत, जिथं नुसता काळा दगड होता, तिथं धरायचा होता. त्याचा डोळा ताटाकडे ओढ घेत होता. हात ताटाकडे सरकत होता. चार पिढ्यांची सवय म्हणत होती, अरे, ताट तिकडं आहे. मागून पाटील कुणाला तरी म्हणाले, "संपलं. गेली आपली बंदूक."

रायाजीनं डोळ्यांसमोर भिंत आणली. त्या रोजच्या पहिल्या गोळ्या, एकीशेजारी एक, एकाच जागी. एकीनंही त्याला फसवलं नव्हतं. त्यानं नळी खाली आणली, डावीकडे घेतली, काळ्या दगडावर नेम धरला, श्वास सोडला आणि हळूच चाप ओढला.

बार झाला. धुराचा लोट उठला आणि ताट त्यात दिसेनासं झालं. आणि त्या धुरातून, गडाच्या तटाला धडकून परत येईल असा, तांब्याचा खणखणीत आवाज आला.

धूर विरला तेव्हा ताट गरागरा फिरत होतं आणि त्याच्या बरोब्बर मध्ये भोक पडलं होतं. करवंदवाडीच्या माणसांनी पागोटी हवेत उडवली. हलगी घुमायला लागली. गिरजा पदर तोंडाला लावून रडत होती आणि हसतही होती. पाटलांनी स्वतः रायाजीला खांद्यावर उचललं, आणि त्या वयात ते त्यांना पेललं कसं, हे त्यांनाही नंतर सांगता आलं नाही. दोन वर्षं पाठीवर वागवलेला दगड कुणीतरी उतरवून घ्यावा, तसं रायाजीला झालं. तो ओक्साबोक्शी रडला, सगळ्यांदेखत, आणि त्याला त्याची लाज वाटली नाही.

किल्लेदार वाटच बघत होता. "दोन वर्षं हुकलास आणि आज मधोमध. कुठल्या देवाला बोललास रे?"

"देवांना दोन वर्षं विचारलं, सरकार. या वर्षी हिला विचारलं." आणि त्यानं गर्दीत मागं उभ्या असलेल्या भागाईला हाताला धरून पुढं आणलं.

किल्लेदारानं सगळी हकीकत ऐकली. मग म्हातारीला म्हणाला, "आजी, तुम्हाला तीस वर्षं ठाऊक होतं, मग सांगितलं का नाही?"

"चुकलेल्याचं नाव काढायचं नाही, ही रीत काय मी घातली?" भागाई म्हणाली. "मला लिंपायला ठेवलं होतं, मी लिंपलं. सांगायला ठेवलं असतं तर सांगितलं असतं."

 मधोमध भोक पाडेल त्याला ताट द्यायचं, या गडाच्या रिवाजाप्रमाणे किल्लेदारानं भोक पडलेलं ताट रायाजीला दिलं, आणि रायाजीनं ते तिथंच भागाईच्या हातात ठेवलं. म्हातारीनं ते उलटसुलट करून बघितलं. "यात कालवण वाढलं तर मांडीवर येईल," ती म्हणाली. पण ताट तिनं सोडलं नाही. जत्रा पांगेपर्यंत वेगवेगळ्या गावांचे नेमबाज तिच्याभोवती घोळका करून बसले होते आणि ती त्यांना एकच प्रश्न विचारत होती, "तुमच्या भिंती कोण लिंपतं? जा, तिला विचारा."

त्या दिवसापासून करवंदवाडीच्या चांदमारीची भिंत वर्षातून एकदाच लिंपतात, जत्रा झाल्यावर. पहिली गोळी आता देवाची नाही, ती सगळ्यांत आधी मोजतात. भागाईनं ते ताट शेळ्यांच्या वाड्याच्या दारावर टांगलं.

पुढच्या थंडीत, उजाडल्या-उजाडल्या, बिबट्या पुन्हा आला. वाड्याच्या कुडावर चढला आणि त्यानं खाली बघितलं. शेळ्या ओरडल्या. रायाजी धावला आणि ऐंशी पावलांवर थांबला. बंदूक खुंटीवरची, नळीत आदल्या संध्याकाळचं तेल, आणि गोळी एकच. बिबट्यानं नेहमीसारखा नुसता कान हलवला. त्याला काय ठाऊक की या घरानं आता पहिली गोळी देवाला सोडणं बंद केलंय? रायाजीनं नेम त्याच्या खाली, डावीकडे धरला. बार झाला, आणि बिबट्या कुडावरून जो कोसळला तो पुन्हा उठला नाही. त्या थंडीत करवंदवाडीची एकही शेळी गेली नाही.

तात्पर्य: चुकीवर माती लिंपली तर ती फक्त दिसेनाशी होते; ती उघडी ठेवून नीट बघितली, तर नेम कुठं धरायचा हे तीच सांगते.